माल पाठवणे

"मॅडम, साकेतच्या पुलावर किती वेळ गेला?"

ठाण्याच्या ऑफिसातून मी भिवंडी रोडच्या गोडाऊनवर पोचले की 'या, बसा' म्हणायच्या आधी काका हे विचारत. मी सांगायची, वीस मिनिटं. "आणि माणकोलीला?" तेही सांगायची. मग ते छपराकडे बघत ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत आणि माथाडी कामगारांना हाक मारत, "वापीची गाडी पावणेचारला लागेल रे, तोवर जेवून घ्या." गाडी पावणेचारच्या सुमारास लागायचीच. आपण गोडाऊनवर पाहुणे म्हणून गेलो की रस्त्याची खबर द्यायला, असा मला नेहमी प्रश्न पडे.

कंपनी पंख्यांची, मिक्सरची आणि गिझरची. मी तिथे एचआरला होते, म्हणजे कोणाला किती पगार द्यायचा त्या कोष्टकांवर बसलेली बाई. ते गोडाऊनचं सगळं बघायचे. कारखान्यातून माल कधी उचलायचा, कुठे रचायचा, कुठल्या गाडीने कुठल्या गावाला पाठवायचा, सगळं. आजकाल याला सप्लाय चेन मॅनेजर म्हणतात. त्यांना मात्र सगळे काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे माथाडीसुद्धा. काकांच्या हातात महिन्याला एकतीस हजार पडायचे. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर.

ड्रायव्हर लोक त्यांना वचकून असत, पण ओरडण्यामुळे नव्हे. ते फोनवर आधी नुसते ऐकत. एकदा माझ्यासमोर एकाने ठासून सांगितलं, काकाजी, कसारा घाट उतर गया. काकांनी फोन कानाला घट्ट लावला. "पीछे तवा बज रहा है. खाना खा ले आराम से, पर झूठ मत बोल." पलीकडून हसू आलं. काकांनी वहीत त्या गाडीपुढे एक तास वाढवला.

ते खाडीपलीकडच्या गावातले. आजा मिठागरात राबलेला, त्यामुळे भरती-ओहोटी काकांच्या बोटांवर. एका जुलैत अमावास्येच्या उधाणाआधी त्यांनी कोणालाही न विचारता खालच्या थरातला सगळा माल वर चढवून घेतला. जादा मजुरीचं बिल बघून ठाण्याला आमचे डायरेक्टर भडकले. दोन दिवसांनी शेजारच्या तीन गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी, आणि आमचा एक खोकाही भिजला नाही. डायरेक्टर साहेबांनी खूश होऊन काकांना एक मिक्सर भेट दिला, त्या वाचवलेल्या मालातलाच. काकांनी तो टाळ्यांच्या गजरात घेतला आणि संध्याकाळी स्टॉकच्या कागदावर एक नग कमी दाखवायला विसरले नाहीत.

गावातल्या त्यांच्या चुलतभावांनी जमिनींवर गोडाऊनं बांधली, भाडी घेतली. काकांच्या वडिलांनी त्यांची जमीन फार आधी, कवडीमोलाने विकली होती. एक चुलतभाऊ मोठ्या गाडीतून यायचा आणि काच खाली करून म्हणायचा, "तुझे पगारान माझे गाडीचा डिझेल पन नाय व्हायचा." काका विचारत, "माणकोलीवरून आलास ना? किती वेळ लागला?"

तर पगार. मी तेव्हा त्यातली तज्ज्ञ होते, म्हणून सांगते. या कामाला पगार किती हे माल किती पोचला यावर ठरत नाही. डिग्री आहे का, कुठली, कुठल्या कॉलेजची. सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटं आहेत का. औषधांच्या कंपनीत आहात की पंख्यांच्या. बसता कुठे, मुंबईच्या काचेच्या इमारतीत की भिवंडीच्या पत्र्याखाली. आणि आजवर नोकऱ्या किती बदलल्या, कारण दर नव्या ठिकाणी मागच्या पगारावर टक्के वाढवून मिळतात. काकांची बीकॉमची डिग्री एका पेपरने अडलेली, नोकरी एकच, आणि डोक्यावर पत्रा.

मग कंपनीने सगळ्यांच्या ग्रेड नव्याने ठरवायला घेतल्या. पुण्याहून सल्लागार आले, त्यांनी प्रत्येकाला एक फॉर्म दिला. आपण काय काम करतो ते आपणच लिहायचं, त्याला गुण, गुणांवर ग्रेड, ग्रेडवर पगार. ठाण्याच्या ऑफिसात लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या. चहाचं बिल पास करणाऱ्याने 'खर्चाचे धोरणात्मक व्यवस्थापन' लिहिलं होतं. काकांचा फॉर्म आला. 'कामाचे स्वरूप' यापुढे दोन शब्द होते: 'माल पाठवणे.' 'तुमच्या अनुपस्थितीत काय होईल?' यापुढे: 'दुसरा कोणी बघेल.'

त्यांना सगळ्यात खालच्या रांगेतले गुण पडले. मी फोन करून चिडले. "काका, हे काय लिहिलंय?" ते म्हणाले, "मग काय लिहायचं? एप्रिल आहे मॅडम, पंख्यांचा सीझन." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम विचारलं की काम सांगतात, स्वतःला सांगत नाहीत.

मी सल्लागारांकडून मुदत मागून घेतली. शनिवारी दुपारी काका ठाण्याला आले, पिशवीत माझ्यासाठी चवळीच्या शेंगा. आम्ही समोरासमोर बसलो. मी विचारत गेले, लिहीत गेले.

"तुमच्या हाताखाली किती माणसं?"

"कोणी नाय."

"काका, चाळीस माथाडी आहेत. सहा क्लार्क आहेत."

"ते माझ्याबरोबर आहेत. हाताखाली कशाला?"

मी सेहेचाळीस लिहिलं. अडीच तासांत सहा पानं झाली. मी ती वाचून दाखवली. त्यांनी मान खाली घालून ऐकली आणि विचारलं, "हे सगळं मीच करतो का?" मला आधी हसू आलं. असं वाटत राहिलं की एकोणीस वर्षांत हे त्यांना कोणी एकदाही वाचून दाखवलं नाही.

निघताना ते दाराशी थांबले. "मॅनेजरच्या ग्रेडला मेडिक्लेम किती असतो?"

"पाच लाख."

"आणि आमच्या?"

"दीड."

तेव्हा त्यांनी सांगितलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. कल्याणच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, खर्च साडेचार लाखांच्या घरात. पगार इतका नव्हता की खासगी इस्पितळ परवडावं, आणि इतका कमीही नव्हता की सरकारी योजनेच्या रेशनकार्डात बसावं. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नाव घातलं होतं, पण तिथली रांग लांब. "ग्रेड झाली तर बरं होईल," ते म्हणाले. "पण हे वर सांगू नका. आजारी माणसाला मॅनेजर कोण करेल?"

मी शब्द दिला, आणि पाळला.

मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी सहा पानं वाचली. चांगली वाचली, दोन ठिकाणी खूणही केली. डिग्री नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, ते बघू. मग खुर्चीत मागे टेकले आणि मला विचारलं, "हा माणूस सोडून जाईल का?"

माझ्यासमोर काका होते, ते उधाण, तो फोनमधला तवा. मी म्हटलं, "कधीच नाही सर. किती दिले तरी दुसरीकडे जाणार नाहीत. अशी निष्ठा आता बघायला मिळत नाही."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. त्यांनी सहा पानं उलटी ठेवली आणि पुढचा फॉर्म ओढला.

मी काय बोलले ते मला लिफ्टमध्ये कळलं. इतकी वर्षं पगाराची कोष्टकं करणाऱ्या बाईला ते खुर्चीत बसल्या बसल्या कळायला हवं होतं. परत वर जाऊन काही बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार? जातील म्हणावं, तर ते खोटं. आजार सांगावा, तर शब्द दिलेला. मी तळमजल्यावर उतरले आणि घरी गेले.

काकांना मी सांगितलं, डिग्रीमुळे अडलं. ते म्हणाले, "असंच असणार. अकाउंट्सचा पेपर राहिला तो राहिलाच." आठवड्याने त्यांनी मला फोन करून विचारलं, आता एकोणपन्नासाव्या वर्षी त्या पेपरला बसता येतं का. मी चौकशी करते म्हटलं. चौकशी केली नाही, कारण ती डिग्री मिळूनही काही व्हायचं नव्हतं, आणि हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

चार महिन्यांनी वर नवा सप्लाय चेन मॅनेजर आला. बत्तीस वर्षांचा, एमबीए, पगार एक लाख दहा हजार. त्याचं पत्र मीच टाइप केलं. मुलगा वाईट नव्हता. काका त्याला 'सर' म्हणत आणि सगळं शिकवत. फोनमधलं ऐकायलाही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण त्याला नुसता हॉर्न ऐकू यायचा. वर्षभराने त्याने दुसरीकडची ऑफर दाखवून राजीनामा ठेवला. डायरेक्टरांनी त्याच दुपारी त्याचा पगार तीस हजारांनी वाढवला. वाढ होती ती जवळजवळ काकांच्या अख्ख्या पगाराएवढी.

मी त्या संध्याकाळीच गोडाऊनवर गेले. तिथल्या ऑफिसमध्ये काकांखेरीज कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काका, तुम्हीही एक पत्र द्या. राजीनाम्याचं. खरं जायचं नाही, नुसतं द्यायचं. मी सांगते ना, लगेच ग्रेड होईल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही चोरायला सांगितलंय. "जायचं नसताना जातो लिहू?"

"सगळे लिहितात."

"मग ड्रायव्हरला कुठल्या तोंडाने सांगू, खोटं बोलू नको म्हणून?" आणि मग, माझी समजूत घालावी तशा आवाजात, "तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत मॅडम. आता सोडा तो विषय."

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं, की डिग्री नव्हे, माझं वाक्य नडलं. त्यांना राग आला असता तर कदाचित त्यांनी पत्र दिलंही असतं. मला भीती वाटली. त्यांना माझ्याबद्दल जे वाटत होतं ते मला गमावायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं हलकट कारण होतं.

सरकारी इस्पितळातून ऑपरेशनची तारीख आली ती दिवाळीच्या तोंडावर. मिक्सरचा सीझन, रोज पन्नास गाड्या, आणि मॅनेजर सर नुकतेच कंपनी सोडून गेलेले, वाढलेला पगार दाखवून तिसरीकडे त्याहून मोठा मिळवून. "एवढी दिवाळी जाऊ द्या," काका म्हणाले. इस्पितळाने नाव पुन्हा रांगेच्या शेवटी टाकलं.

फेब्रुवारीत, भर दुपारी, गाडी भरताना ते रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसले. माथाड्यांना वाटलं, काका हिशेब करतायत, म्हणून कोणी हाक मारली नाही. गाडी भरून झाल्यावर सही घ्यायला गेले तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या फंडाचे आणि विम्याचे कागद घेऊन मी त्यांच्या गावी गेले. कुरिअरने पाठवता आले असते. काकूंनी मला आतल्या खोलीत बसवलं. मुलगी बारावीची, दारात उभी. मी कुठे सह्या करायच्या ते दाखवत होते आणि काकू कागदांकडे न बघता सह्या करत होत्या. शेवटची सही झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक इचारू मॅडम? तो ग्रेडचा फॉर्म गेलेला तवा तुमी वरती काय सांगलेलं?"

इतके दिवस ज्याची भीती होती ते हेच होतं. आता खोटं बोलायचं नाही, एवढं मी दुर्गाडीचा पूल ओलांडतानाच ठरवलं होतं. मी म्हटलं, "साहेबांनी विचारलं, हे कंपनी सोडून जातील का. मी सांगितलं, कधीच जाणार नाहीत. किती पैसे दिले तरी नाही."

मी वाट बघत राहिले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्या दाराकडे वळल्या. "ऐकलास काय गं? मॅडमनी मोठ्या साहेबांना सांगलेलं, तुझा बाबा कवा सोडून जायाचा नाय." मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "नवतेच जानार. तुमी बरोबर वळखलेलं."

मुलीने माझ्यासमोर चहा आणून ठेवला. त्या दोघी बघत होत्या, म्हणून मी तो सगळा प्यायले.