धुराड्याच्या बंगल्याचा रिपोर्ट

भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून जाणारा माणूस. मी ओव्हरसीअर. भिंत वाकडी वाटली तर आधी ओळंबा लावायचा, मग बोलायचं. तरीही हे लिहितोय, कारण इथे माझा ओळंबा चालला नाही.

पहिल्या महायुद्धाचे दिवस. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या पुढे, माळावर एका लाकूड-व्यापारी इंग्रजाने बांधलेला लहानसा दुमजली बंगला विकायला निघाला होता. घेणाऱ्या शेटजींनी मला प्लॅन काढून रिपोर्ट द्यायला पाठवलं. साहेबाने विलायतेतलं आपल्या बापाचं घर आठवून आठवून इथे उभं केलं होतं – काळ्या दगडाचं जोतं, वर लाल विटा, बर्फ घसरून पडावं असं उभट छप्पर आणि एका अंगाला उंच धुराडं. दिवाणखान्यात शेकोटीचा कोनाडासुद्धा. आमच्याकडे शेकत कोण बसणार... तो एकदाही न पेटवता त्याने विटांनी बुजवून टाकला. पुढे साहेब मायदेशी गेला. राखणीला जानू आणि त्याची बायको बायजी, दोघंच राहिली.

दुपारी तीनच्या सुमारास माझी बैलगाडी माळावर आली आणि मला धुराड्यातून धूर निघताना दिसला. सरळ, करडा धूर.

"जानू, आत काय पेटवलंयस?"

"काय नाय साहेब. आमची चूल मागं पडवीत. तीबी सकाळधरनं थंड हाय."

मी चुलीत हात घातला. राख खरंच थंड होती. पण माझ्या मनात आलं – हा आत दारू गाळत असणार. मी टेप काढला. भिंतीची जाडी, खोल्या, धुराड्याची रुंदी, सगळं आतून-बाहेरून मोजलं. बुजवलेल्या कोनाड्याच्या विटा ठोकून पाहिल्या, एकही सैल नव्हती. लपवाछपवीला हातभर जागा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत दोघांना माझ्या डोळ्यांसमोर विहिरीपाशी बसवलं आणि शिडी लावून छपरावर चढलो. धूर होताच. वर जाऊन बघतो तर धुराड्याचं तोंड फरशी बसवून चुन्याने बंद केलेलं. चुन्याला चीरसुद्धा नव्हती. फरशीवर हात ठेवला, तर ती तव्यासारखी तापलेली. आणि वास लाकडाचा नाही, गोवरीचा नाही... वाशिंद स्टेशनात इंजिन थांबल्यावर येतो तसा, दगडी कोळशाचा.

खाली उतरलो. मी स्वतःला बजावलं, जानूने रेल्वेचा कोळसा चोरून कुठेतरी दडवलाय. कुठे, कसा, ते मला सांगता येत नव्हतं. तरी रिपोर्टात लिहिलं – 'राखणदार विश्वासू नाही. परवानगीशिवाय आत जाळ करतो.'

शेटजींनी बंगला घेतला आणि जानूला काढून टाकलं.

महिन्याभराने कोनाडा फोडायचं काम निघालं, मी हजर होतो. गवंड्याने विटा काढल्या. मी कंदील घेऊन आत वाकलो, वर पाहिलं. काजळीचा ठिपका नाही. विटा भट्टीतून कालच काढल्यासारख्या लाल. म्हणजे आत कधी जाळ झालाच नव्हता. मी बाहेर अंगणात आलो आणि वर बघितलं, तर धूर निघत होता. गवंडीही बघत राहिला. मग त्याने अवजारं गोळा केली आणि तो निघाला.

मी म्हसा गावी गेलो. जानू तिथे बायजीच्या माहेरी कुणाची तरी गुरं राखत होता. मी सगळं सांगितलं, चूक झाली म्हणालो. त्याने ऐकून घेतलं.

"साहेब, तुमाला धूर दिसला ना?"

"दिसला."

"मंग धूर दिसला, येवढंच लिवायचं हुतं. माजं नाव कशाला लिवलंत?"

बायजीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली.

धूर कुठून येत होता, हे मला आजही ठाऊक नाही. पुष्कळ जणांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. जानूच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं – 'मला कळलं नाही' असं रिपोर्टात लिहायची मला लाज वाटली होती. ते मी त्याला दिलं नाही.