माती पास झाली का?

सांगा बरं, खत विकणाराच म्हणाला, "यंदा युरिया घेऊ नका," तर त्याच्यावर भरवसा ठेवाल का? माझ्यावर कोणी ठेवला नाही! गोंडपिपरीत माझं खताचं दुकान. हंगाम संपला की थैल्या संपतात, किस्से तेवढे उरतात.

मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायची, त्या काळातली ही गोष्ट. चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या मॅडम दुकानात आल्या. समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूचा गुण त्यांनी साध्या जिवाणूत घातला होता. त्याला मातीचा अर्क द्यायचा. नत्र भरपूर असलं तर नळी चमकणार, कमी असलं तर मिणमिणणार. चमकली म्हणजे युरिया नको! मी सातवी पास. पण थैल्यांवरचं छापील वाचून वाचून नत्र-स्फुरद मला पाठ. लगेच समजलं.

मॅडमकडे एकच हंगाम होता. गावात एकानं तरी जंतूंचं ऐकून धान पिकवून दाखवलं तर काम पुढे चालणार, नाहीतर नळ्या कपाटात! माती गोळा करायचं मी कबूल केलं.

धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, दुकान चलाना है के बंद करना है?"

*

माती तपासणार म्हटल्यावर गावाला वाटलं, परीक्षाच आहे. गावातल्या बापूरावांनी माती पिठाच्या चाळणीतून चाळून आणली. नळी अशी चमकली, की मॅडमही चाट! पुढच्या खेपेला मॅडम दुकानात आल्या, तसे बापूराव छाती काढून म्हणाले, "पास झाली ना? शेणखताच्या खड्ड्याजवळची होती, एक नंबर!"

"मग शेतातली का नाही आणली?"

"ते कमजोर हाय नं, मॅडम. नापास झाली असती!"

*

एकदा एकाच गावचे बारा नमुने एकसारखे लखलखले. मॅडमचा दुकानात फोन. "करीमभाई, बाराही शेतांत इतकं नत्र? माती कशात भरली होती?"

"स्वच्छ थैल्यांत, मॅडम. धुऊन, वाळवून, मीच फुकट दिल्या."

"कसल्या थैल्या?"

मी फोन हळूच खाली ठेवला. युरियाच्या!

*

जंतू चमकतात ही बातमी जंगलाकडच्या गावात पोचली. एक पाटील पिशवी घेऊनच हजर.

"करीमभाऊ, ते जंतू किलोभर द्या."

"कशाला?"

"बांधावर शिंपतो. अंधारात वाघ कुठी बसला, ते तरी दिसल!"

मी सांगितलं, ते प्रयोगशाळेबाहेर न्यायला परवानगी नाही.

"मंग वाघालेच तिकडं धाडा!"

*

शेवटी आठ जणांना जीपमध्ये बसवून चंद्रपूरला नेलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील तर विश्वास बसेल. भर दुपारी खोलीत काळे पडदे लावले, दार बंद. थोड्या वेळानं मी विचारलं, "दिसून राह्यलं का?"

"हो हो! मस्त!"

"मले तर हिरवं दिसते."

"निळं हाय, लेका!"

तेवढ्यात मॅडम अंधारातून म्हणाल्या, "थांबा, नळी अजून ठेवायची आहे."

*

ऐकलं फक्त सोनाबाईंनी. धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले चार तुकडे, माती खरोखर शेतातली, नळी झकास चमकलेली. तीन बांध्यांत त्यांनी युरिया टाकलाच नाही. रस्त्याकडेच्या चौथीत मात्र टाकला, "येनारे-जानारे काय म्हनतीन?" म्हणून.

कापणीच्या दिवशी अख्खं गाव बांधावर. हसायला आलेले बापूराव सगळ्यांत पुढे. पाहतो तर काय! बिनयुरियाच्या तिन्ही बांध्या लोंब्यांनी भरून उभ्या, आणि युरियावाली आडवी पडलेली! मॅडमनी वही उघडली. मोठमोठ्यानं बोलत लिहू लागल्या, "जादा युरियामुळे धान लोळलं..."

"थांबा, मॅडम," सोनाबाई म्हणाल्या. "युरियानं नाई. काल माझी म्हैस लोळली तिथं."

मॅडमचं पेन तिथंच थांबलं. बापूराव खाली उतरले, उभ्या बांधीतली एक लोंबी तोडून तळहातावर चोळली, दाणे निरखून पाहिले.

"मॅडम, माझी माती न्या. या खेपेला शेतातलीच देतो. पन वहीत म्हशीचं बी लिव्हा. सारं खरं खरं लिव्हा!"