आठ सेंटिमीटर पाणी

बदली होऊन मी पिंपळगाव राजाजवळच्या त्या गावात गेलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एक अनोळखी माणूस माझ्या अंगणात शिरला. राम राम नाही, श्याम श्याम नाही. सरळ नळापाशी उकिडवा बसला आणि तोटीला कान लावला. मी दात घासत होतो. डोक्याला रुमाल, अंगात खाकी सदरा, हातात कमरेएवढी लोखंडी चावी, आणि वरच्या ओठावर अशी मिशी की तिची टोकं कानांच्या भेटीला निघालेली. मी काही बोलणार तोच त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. नळ फुरफुरला, दोनदा थुंकला आणि पाणी आलं.

"आलं," ते उठत म्हणाले. "तुमच्या घरी आलं म्हंजे गावाले आलं. तुमचा शेवटचा नळ हाय, गुरुजी."

हे तुळशीरामभाऊ, ग्रामपंचायतीचे पाणीवाले. पहाटे चारला उठून टाकी भरायची आणि एकेका गल्लीच्या पाइपाचा वॉल फिरवून गावाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. टाकीवर दाब दाखवणारं एक घड्याळ होतं. त्याच्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. "टाकीवरचा काटा टाकीपुरता," असं ते म्हणत. "खरं काय ते शेवटच्या नळाले इचारा." म्हणून पुढची सहा वर्षं माझी सकाळ त्यांच्या कानानं उजाडली. माझी बायको आधी वैतागली, मग त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा काढून ठेवू लागली.

त्यांचं दुसरं म्हणणं तर साऱ्या गावाला पाठ होतं. कुणीही येऊन पाण्याला जोर नाही म्हणून तक्रार केली, की भाऊ मिशीवरून हात फिरवत सांगत, "प्रेशर कमी नाई, गळती जास्त हाय. पहिले गळती पाहा, मंग प्रेशर मांगा." एकदा गावच्या एका बड्या शेतकऱ्यानं भर ग्रामसभेत आरडाओरडा केला, माझ्या घरी पाणी चढत नाही, या माणसाला काढून टाका. भाऊंनी कुदळ घेतली, त्याच्या गोठ्यात गेले आणि गव्हाणीखालचा फुटका सांधा उघडा करून दाखवला. मालकाची म्हैस गेले दोन महिने गारेगार बसून होती. ती तेवढी त्या दिवशी नाराज झाली.

असा माणूस, पण झोपेपुढे पार हरलेला. भाऊ कुठंही झोपत. ग्रामसभेत झोपत, पंगतीत पहिल्या आणि दुसऱ्या भाताच्या मधे झोपत, आणि वॉल उघडताना चावीवर हनुवटी टेकवून उभ्यानंही झोपत. घोरणं तर असं की एकदा आमच्या शाळेत दोन मिनिटं मौन पाळायचं होतं, ते मौन समोरच्या ओट्यावरच्या त्यांच्या घोरण्यात पार पडलं. पोरं माना खाली घालून हसत होती. मीही घातली होती.

त्या घोरण्यात मधेच खंड पडे. तो मात्र ऐकवत नसे. त्यांच्याजवळ त्यांची आई, अन्साबाई, डाळ निवडत बसलेली असे. ऐंशी पार केलेली, काटकुळी म्हातारी. सारं गाव तिला बुढी म्हणे. घोरणं थांबलं की तिचा निवडता हात थांबे. ती जरा वाट पाही, मग शेजारची काठी उचलून पोराच्या बरगडीत ढोसणी देई. "घे रे श्वास!" आणि भाऊ, पन्नाशीचा बाप्या, पाण्याबाहेर यावं तसे धापा टाकत श्वास घेत. भाऊंची बायको वारल्यापासून हे काम म्हातारीकडे होतं. "रातभर बी हेच," तिनं मला सांगितलं. "मले डोळा लागला न, त हा जाईन."

मला आधी ही गंमतच वाटली होती. मग एके दिवशी माझ्या नळाला पाणी आलं नाही.

भाऊ टाकीवर मोटर लावून झोपले होते. टाकी भरून वाहिली, खालची गल्ली चिखलात गेली आणि बाकीचं गाव कोरडं राहिलं. दुपारी ते माझ्या अंगणात आले, नळापाशी बसले, पण कान लावला नाही. "गुरुजी, आज म्याच गळती केली," एवढंच बोलले. सरपंचांनी त्यांना बजावलं होतं, आणखी एकदा असं झालं तर चावी ठेवून घरी बसा. तीस वर्षं ती चावी त्यांच्या हातात होती. दुसऱ्या रविवारी मी त्यांना अकोल्याला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून त्यांना एक रात्र झोपवलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून झोप होतच नाही, असं निदान झालं. उपाय म्हणजे एक लहानसं मशीन. त्यातून हवा येणार, नाकावर मास्क बसणार, आणि हवेच्या जोरानं घसा उघडा राहणार. डॉक्टरांनी आकडा लावून दिला, आठ.

"आठ काय?" भाऊंनी विचारलं.

"सेंटिमीटर पाणी," डॉक्टर म्हणाले. "हा हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात."

भाऊंचा चेहरा असा उजळला की बस. हवा नाकात जाणार आणि मोजणार पाण्यात! म्हणजे मशीन त्यांच्याच खात्यातलं निघालं. तिथून पुढं त्यांनी डॉक्टरांचं एक अक्षर ऐकलं नाही. मशीनवाल्याचा माणूस कोणती दोन बटणं एकदम दाबून आकडा लावतो, तेवढं फक्त टक लावून पाहून घेतलं. एसटीत बसल्यावर ते माझ्या कानाशी आले. "गुरुजी, डॉक्टर भला मानूस हाय. पन टाकीत आठ सेंटिमीटर पानी असलं, त तोटीले थेंब येत नाई. मह्या येवढ्या नरड्याले आठात काय होते?"

मशीन आलं म्हणून अन्साबाई खूश झाली. बीबी या गावी तिच्या लेकीकडे नातीचं बाळंतपण होतं. "आता मले सुट्टी," म्हणाली आणि जाताना काठी माझ्या हातात दिली. "तरी बी आठ रोज पाहजा, गुरुजी. मशीनचा काय भरवसा?" उन्हाळ्याची सुट्टी होती. मी हो म्हणालो आणि फसलो.

पहिल्या दुपारी भाऊ मास्क लावून ओट्यावर आडवे झाले, मी काठी घेऊन बसलो. हवा सुरू झाली तशी मास्कच्या कडेनं शिट्टी वाजू लागली आणि मिशीचे केस वाऱ्यावरच्या गवतासारखे हलू लागले. घोरणं होतंच, आता त्याला साथ मिळाली. मधेच सगळं थांबलं. मी घाबरून अशी ढोसणी दिली की भाऊ उठून बसले. "म्या म्हनलं होतं न? प्रेशर कमी हाय." आणि दोन बटणं दाबून त्यांनी आकडा दहावर नेला.

पुढं रोज हेच. दहाचे बारा, बाराचे चौदा. मी डॉक्टरांना विचारू म्हणालो, तर मला विचारलं, "गावाले पानी कोन देते, डॉक्टर का मी?" सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी मास्कखाली पॅकिंग दिलं. शिट्टी तेवढी डाव्या गालावरून उजव्या गालावर गेली. सोळावर पोचले तेव्हा हवा घशाऐवजी पोटात जाऊ लागली. भाऊ दिवसभर ढेकर देत गावभर फिरू लागले, आणि झोप म्हणाल तर पूर्वीहून वाईट. एका सकाळी ते माझ्या नळाला कान लावून तिथंच झोपी गेले. नळ डोक्यावर सुरू झाला तेव्हा जागे झाले.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी दाढीचा साबण आणला, फेस केला आणि मास्क लावलेल्या भाऊंच्या तोंडाभोवती ब्रशनं फासला. गळका सांधा शोधायची ही रीत त्यांनीच मला शिकवली होती. मशीन सुरू केलं. गालावर काही नाही, नाकाच्या दांड्यावर काही नाही. मिशीवर मात्र एवढे फुगे उठले की विचारू नका.

"भाऊ," मी म्हणालो, "प्रेशर कमी नाही. गळती जास्त आहे."

त्यांनी मास्क काढला. आरशात आपली फेसाळलेली मिशी बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाले, "माय जित्ती हाय, गुरुजी."

हे मला समजायला हवं होतं. आमच्याकडे मायबाप गेले तरच पुरुष मिशी उतरवतो. भाऊंचे वडील गेले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. त्यामुळे त्या मिशीला उभ्या जन्मात वस्तरा लागला नव्हता. ती आईसाठी राखलेली होती. "चावी गेली त जाऊ द्या," ते म्हणाले. "जीव गेला त जाऊ द्या. जित्त्या मायची मिशी म्या काढत नाई." आणि मशीनचा आकडा सतरावर नेला. मला त्यांचा संताप आला. भीतीही वाटली, तीच जास्त.

त्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी अन्साबाई बीबीहून परत आली. मी काठी तिच्या हातात दिली आणि शाळेतल्या पोरासारखी सगळी चहाडी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे, भाऊ टाकीवर जायच्या आधी, तिनं न्हाव्याला दारात उभं केलं.

"काढ रे त्याची मिशी."

"माय, लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले मी पाहून घेईन. मी मेली का माहा दहावा कोन करन? तू आंधी गेला, त मले पानी कोन देईन? बस खाली!"

भाऊ बसले. त्या वेळी ते काय बोलले, ते न्हाव्यानं मला कधी सांगितलं नाही.

अर्ध्या तासात कोरा ओठ घेऊन भाऊ गल्लोगल्ली वॉल फिरवत होते आणि नळावरच्या बाया त्यांच्याकडे पाहून घागरी खाली ठेवत होत्या. डोक्याला रुमाल असल्यानं खालचे केस शाबूत आहेत हे कुणाला दिसलं नाही. बुढी बीबीला गेलेली सगळ्यांना माहीत, परत आलेली कुणाला माहीत नाही. आठ वाजेपर्यंत अख्ख्या गावानं अन्साबाईला बीबीतच सरणावर पोचवलं होतं.

पहिली आली ती वरच्या गल्लीतली एक बाई, डोक्यावर पदर ओढून, वाटेपासूनच गळा काढत. "अशी कशी गेली व माय! देवमानूस होती!" ओट्यावर बसलेल्या बुढीला पाहून ती पायरीवरच थबकली.

"बस," अन्साबाई म्हणाली. "इतलं चांगलं म्हनून राह्यली, त आजपावतर तोंडावर काऊन नाई म्हनलं?"

मग रांगच लागली. काही रडत आले, काही रागावून, की बीबीलाच सगळं उरकलंत, आम्हाला कळवलंही नाही. शेजारीण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी घेऊन आली. बुढीनं ताट पुढ्यात ओढलं. "माह्या नावची हाय न? मंग मीच खातो." सगळी भाकरी संपवली. आलेल्या प्रत्येकाला तिनं पोराचा ओठ, मशीन आणि काठी दाखवून सगळं समजावून सांगितलं. भाऊ आत कोपऱ्यात तोंडावर पंचा धरून बसले होते.

दुपारी मी आकडा पुन्हा आठावर आणला. भाऊ आडवे झाले, मास्क बसला. शिट्टी नाही. घोरणं नाही. छाती नुसती वर होत होती, खाली होत होती. अन्साबाई काठी हातात धरून वाट पाहत बसली. श्वास अडला की ढोसायचं, एवढंच तिला माहीत होतं, आणि तो अडेचना. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग काठी तिच्या हातातून घसरली आणि ती बसल्या जागी झोपली. इतक्या वर्षांची झोप होती ती. मी पाय न वाजवता घरी आलो.

सकाळी भाऊंनी माझ्या नळाला कान लावला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पुरते उघडे पाहिले. "आठात भागते, गुरुजी," म्हणाले, आणि कोऱ्या ओठावरून सवयीनं हात फिरवला.

चावी त्यांच्याकडेच राहिली. माझी पुढं बुलढाण्याला बदली झाली. काही वर्षांनी अन्साबाई गेली, दुपारी, ओट्यावर, झोपेतच. या वेळी खबर खरी आहे ना, असं गावानं तीनदा विचारून घेतलं म्हणे. दहाव्याला मी गेलो होतो. न्हावी तोच. त्यानं भाऊंचं डोकं उतरवलं आणि वस्तरा सवयीनं वरच्या ओठाकडे नेला. तिथं काहीच नव्हतं. मास्कसाठी भाऊ रोज दाढी करत, त्या दिवशी सकाळीही केली होती. न्हाव्याचा हात तसाच थांबला.

दहा दिवस भाऊ रडले नव्हते, असं मला लोकांनी सांगितलं होतं. तेव्हा रडले. ओठावर बोट ठेवून ते माझ्याकडे वळले.

"इच्यासाठी राखली होती, गुरुजी. अन् इनं ती मह्याचसाठी काढाले लावली."