सरकीच्या कोठीतले इंजिन

त्या वेल्डिंग मिस्त्रीच्या मृत्यूची घटना अजूनही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. नोकरीत माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या, त्या मी गप्पांत सांगतोही. ही मात्र सांगत नसे. आता पेन्शनीत बसलो आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. नावे कुणाचीच घेणार नाही.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी नवा सब-इन्स्पेक्टर, हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार. हंगाम कापसाचा होता. एक दिवस संध्याकाळी पाचच्या सुमारास वडनेरच्या बाजूच्या एका जिनाचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, दिवाणजी सायकलवरून ठाण्यात आला. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, बोलणे नम्र. म्हणाला, "सायेब, आमच्याकडे जबलपूरचा मिस्त्री आलता, वेल्डिंगचा. तो मरून पडला." मी रोजनामच्यात नोंद केली, मर्ग दाखल केला, म्हणजे अकस्मात मृत्यूचा कागद तयार केला, आणि हवालदाराला घेऊन निघालो.

निघता निघता दिवाणजी हळू आवाजात म्हणाला, "एक गोष्ट सांगू का? मिस्त्री आल्यापासून सांगून राह्यला होता, की त्या खानावळवालीचं जेवलो की डोकं गरगरते. आज बी तिचाच डबा खाल्लता."

ही खबर. खबर देणाऱ्याला ती देण्याची घाई का झाली, हे आधी पाहावे, असे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते. मी पाहिले नाही.

जिनातल्या रेच्यांच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, लोखंडी चौकटी तडकल्या होत्या आणि ऐन हंगामात मालकाला काम थांबवायचे नव्हते. म्हणून त्याने इंजिनावर चालणारे वेल्डिंगचे यंत्र भाड्याने आणवले होते. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेले यंत्र, दोन चाकांवर बसवलेले. पेट्रोलचे इंजिन फिरले की त्याला जोडलेला डायनामो वीज करतो आणि त्या विजेच्या ठिणगीने लोखंड जोडले जाते. गावात वीज नव्हती, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता. मी गेलो तेव्हा यंत्र अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभे होते. प्रेत सरकीच्या रिकाम्या कोठीत, चौकटीशेजारी. उजव्या हातात अजून कातड्याचा मोजा होता. पायाखाली कोरडी फळी, काळ्या काचेचा पडदा बाजूला पडलेला, कोपऱ्यात अर्धा खाल्लेला डबा.

प्रेत पहिल्यांदा पाहणाऱ्या हमालाने सांगितले, "यंत्राचा आवाज बंद झाला. बराच टाइम कोणी बाहेर येना, म्हून मी जाऊन पाह्यलं." तो जोडकाम चालू असताना आत का नव्हता, असे मी विचारले. "त्या उजेडानं डोळे जाते, सायेब. चौकटी आत ठेवाच्या अन् निंगून याचं, असंच सांगतलं होतं."

मी पंचनामा केला. डबा जप्त केला. कोठीत दोन मेलेल्या चिमण्या पडल्या होत्या, त्याही लिहिल्या, कारण दिसेल ते लिहायची मला सवय होती. यंत्रावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावरचा इंजिनाचा नंबर उतरवून घेतला. काम चोख झाले असे वाटले आणि मी स्वतःवर खूश होऊन परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेत तपासणारे डॉक्टर म्हणाले, "पोटात मला विशेष काही दिसत नाही. प्रेताचा रंग मात्र नेहमीपेक्षा लाल आहे. व्हिसेरा नागपूरला पाठवतो." नागपूरहून उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. तोवर थांबायची माझी तयारी नव्हती.

खानावळवाली चाळिशीची विधवा बाई. जिनातली पंचवीस माणसे तिच्याकडे जेवायची. झडती घेतली तर घरामागे विषारी धोतऱ्याची झुडपे. तशी ती अर्ध्या गावाच्या घरामागे होती, पण मला तिचीच दिसली. मिस्त्रीने चारचौघांत तिच्या जेवणाला नावे ठेवली होती आणि तिने त्याला ऐकवले होते, "आवडत नसंन तं दुसरीकडं पाह्यजो." ही गोष्ट पाच जणांनी मला सांगितली. मी तिला अटक केली आणि मॅजिस्ट्रेटकडून दोन दिवसांचा रिमांड घेतला. ठाण्यात बाई शिपाई नव्हती, म्हणून हवालदाराच्या बायकोला सोबत बसवले.

"मी काऊन मारीन त्याले?" ती म्हणाली. "एकाच गंजातली भाजी सगळ्यायनं खाल्ली."

"त्याच्या डब्यात वेगळे काय होते?"

"तिखट कमी. त्याले आपलं तिखट पचे नाई. म्हून तिखट टाकाच्या आधी त्याच्यापुरती भाजी काढून ठेवो."

"म्हणजे त्याची भाजी वेगळी होती."

माणसाने मायेने केलेले काम त्याच्याच गळ्यात कसे अडकवता येते, हे तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिले असावे. मी मात्र ते उत्तर मोठ्या समाधानाने केस डायरीत उतरवले. तेव्हा खुनाला बहुधा फाशीच होई. ते तिलाही ठाऊक होते, कारण त्यानंतर दिवसभर तिने पाणीसुद्धा मागितले नाही.

रिमांडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मिस्त्री आल्यापासूनचा एकेक दिवस विचारत होतो. पहिला दिवस, काय रांधले. दुसरा दिवस, काय रांधले. ती थकून गेली होती, तरी सांगत होती. तिसऱ्या दिवसापाशी आल्यावर म्हणाली, "तो बाजाराचा दिवस. जिन बंद होतं. माह्याच ओट्यावर बसून दोन्ही टाइम जेवला. जास्तीची भाकर मांगतली. तवा त्याचं डोकं नाई गरगरलं. मंग माह्या जेवणात इख होतं तं त्या दिवशी कुठी गेलं?"

मी लिहिणे थांबवले. प्रश्न आरोपीने विचारला होता, आणि खरे तर तो मी विचारायला हवा होता. दोन्ही वेळ जेवला आणि ठणठणीत राहिला. त्या दिवशी वेगळे काय होते? एकच. त्या दिवशी त्याने काम केले नव्हते.

मी तडक जिनात गेलो. या वेळी दिवाणजीला बाहेर उभे केले आणि एकटाच कोठीत शिरलो. वर दोन झरोके, तेही कापूस उडू नये म्हणून जाळी मारलेले आणि पुंजक्यांनी बुजलेले. दार लोखंडी पत्र्याचे. फरशीवर तेलाचा ताजा डाग, आणि चुना मारलेल्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर काजळीचा काळा गोल. लिंबाखाली जाऊन यंत्राचा धूर सोडणारा नळ मोजला, तर तो बरोबर तेवढ्याच उंचीवर. मग मी त्या पितळी पट्टीपाशी बसलो. नंबराखाली इंग्रजीत चार ओळी होत्या. इंजिन बंद जागेत चालवू नये, त्याच्या धुरात विषारी वायू असतो. पेट्रोल भरण्याआधी इंजिन बंद करून गार होऊ द्यावे. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. तेलाची बंद पिंपे जोडू नयेत.

मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हते. दिवाणजीला येत नव्हते. त्या आवारात ती पट्टी वाचू शकणारा माणूस फक्त मी होतो, आणि मी तिच्यावरून नंबर उतरवून घेतला होता.

हमालाला बोलावले. "यंत्र कुठे चालत होते?" त्याने दिवाणजीकडे पाहिले. मी दोघांच्या मधे उभा राहिलो. तेव्हा तो म्हणाला, "आतच होतं, सायेब. पहिले दोन दिवस दार थोडं उघडं राहे. त्या दिवशी वारा सुटलता, तं दिवाणजीनं बाहेरून कडी लावाले सांगतली. आवाज बंद झाला तवा मी कडी काढली. मिस्त्री पडलेला पाह्यला, मंग दिवाणजीनं यंत्र झाडाखाली ओढाले लावलं."

दिवाणजीला मी ठाण्यात आणून तासभर नुसतेच बाकावर बसवून ठेवले. शेवटी तो आपणहूनच बोलला. "अंगणात कापसाच्या गंज्या होत्या, सायेब. त्या नळातून ठिणग्या उडते. याच्या आधीच्या जिनात मी माह्या डोळ्यानं आग पाह्यली हाय. दोन कामाच्या बाया जळून मेल्या. मले आगीचंच भेव होतं. धुरानं माणूस मरते, हे कोणाले मालूम?"

हे त्याचे खरे होते. कापसाच्या मुलखातला माणूस ठिणगीला जेवढा भितो तेवढा सापालाही भीत नाही. आगीपासून गाव वाचवायला त्याने माणूस कोंडला. पण यंत्र झाडाखाली का ओढले, आणि ठाण्यातून निघतानाच बाईचे नाव का घेतले, हे मी विचारले. "मिस्त्रीच म्हणे ना, जेवणानं होते म्हून," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

मिस्त्री तसे म्हणत होता, हेही खरे. मोजा, फळी, काळी काच, इंजिन गार होईपर्यंत थांबून मगच पेट्रोल, सगळे तो नीट पाळायचा. हे तो उस्तादाच्या हाताखाली बघून शिकला होता. उस्ताद जन्मभर पुलांवर उघड्यावर काम करत आला. बंद खोलीचा प्रश्नच तिथे कधी आला नाही, म्हणून ते शिकवलेही गेले नाही. डोके दुखू लागले तेव्हा त्याने परक्या गावच्या अन्नावर संशय घेतला. मीही तेच केले, आणि मला तर सरकार तपासाचा पगार देत होते.

डॉक्टरांकडे गेलो. ऐकून ते म्हणाले, "इंजिन आत होते हे तुम्ही मला सांगितलेच नाही. लाल रंग त्या वायूचाच." मला ते विचारायला सुचले नव्हते, हे मी त्यांना सांगितले नाही. त्याच दुपारी मॅजिस्ट्रेटपुढे अहवाल ठेवून बाईला सोडवले. दिवाणजीवर पुढे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा हलवल्याचा खटला झाला, त्याला शिक्षाही झाली. त्या पट्टीवरचा मजकूर मी मराठीत आणि हिंदीत रंगवून घेतला आणि तालुक्यातल्या प्रत्येक जिनाच्या फाटकावर लावला.

तपास संपला असे मी समजलो. बाई सुटल्यावर पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने जाताना तिच्या ओट्यावर एकही माणूस दिसला नाही. चूल विझलेली. पंचवीस माणसे दुसरीकडे जेवू लागली होती. कोर्टाचा कागद कुणी वाचत नाही, पोलिसाने धरून नेलेले मात्र सगळ्यांना दिसते. मला फार लाज वाटली. मी गणवेशातच, भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाई, जेवायला वाढा."

तिने चूल पेटवली, भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली. ताट आणून माझ्यापुढे ठेवले. मी हात घालणार तोच तिने ते आपल्याकडे ओढले, भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला, खाल्ला, आणि मला दिसेल असे तोंड उघडून दाखवले. मग ताट परत माझ्यापुढे सरकवले.

"आता खा, सायेब," ती म्हणाली. "आता जो येईन त्याले मी असंच वाढीन."

त्यानंतर सव्वीस वर्षे नोकरी केली. गुन्ह्याच्या जागी गेलो की कोण, हे मी कधीच आधी विचारले नाही. कोणती वस्तू कुठे होती आणि ती कुणी हलवली, हे आधी विचारले. त्याने पुष्कळ माणसे सुटली, पुष्कळ सापडली. पण त्या दुपारी मला एवढेच करता आले, की मी ते ताट शेवटपर्यंत संपवले, कारण समोरच्या झाडाखाली जिनातले हमाल उभे राहून बघत होते.