सहा तासांची बैठक

तिशी ओलांडली तरी मी व्हिडिओ गेम खेळतो, हे आमच्या ईट गावात आता जुनं झालंय. शनिवारपर्यंत जवळच्या, तालुक्याच्या वाशीला संगणकाचे वर्ग घ्यायचे आणि रविवारी घरी खेळायला बसायचं. एक लांबलचक गेम एका बैठकीत, जमेल तितक्या लवकर संपवायचा. मध्ये उठलं तरी घड्याळ थांबत नाही. सगळं अखंड रेकॉर्ड करून पाठवलं, तर जगभरच्या यादीत नाव लागतं. माझी उत्तम वेळ होती सहा तास चार मिनिटं. सहाच्या आत यायचं, हा ध्यास मी दीड वर्षं पोसला होता.

तयारी लग्नघरासारखी. आठवडाभर अवघड टप्पे घोटायचे, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघायचं. आदल्या दिवसापासून तिखट बंद आणि सकाळचा चहाही बंद, कारण एकदा लघवीला उठलं की दोन मिनिटं गेलीच. आई शेंगदाण्याचे एका घासाचे लाडू करायची, तेही कोरडे, नाहीतर बोटं बटणांवरून घसरतात. "पोरगं हाय का पैलवान," असं म्हणत म्हणतच वळायची.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं. एकदा मी नियम समजावून सांगितले, तर म्हणाले, "म्हंजे रास हाय म्हण की." धान्याची रास मोजायला बसलेला माणूस मध्ये उठत नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही आणि खळ्यावर चप्पल घालून जायचं नाही. मळणी यंत्र आलं तरी दादांनी हे सोडलेलं नाही. तेव्हापासून माझ्या बैठकीच्या दिवशी ते अंगणातच चप्पल काढायचे, खोलीच्या दाराबाहेर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानंच गप्प करायचे. व्होल्टेज पडू नये म्हणून आपली विहिरीवरची मोटारही चालू करायचे नाहीत. मला हसू यायचं आणि फार बरंही वाटायचं.

त्या रविवारी सकाळी दहाला बसलो. दोन वाजेपर्यंत मी माझ्या उत्तम वेळेच्या सात मिनिटं पुढं होतो. अंगावर काटा आला होता. तेवढ्यात बाहेरून दबका आवाज आला, "आई गं!"

"काय झालं, दादा?" पडद्यावरची नजर न हलवता मी विचारलं.

"काय न्हाय. चालू दे तुझं."

आवाज नेहमीचा नव्हता, आणि ते मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू? तरी मी चालू दिलं.

वीस मिनिटांनी आई शेतातून आली आणि ओरडली. हातातलं टाकून मी बाहेर धावलो. दादा भिंतीला टेकून बसले होते, घामानं निथळत, पाय दोन्ही हातांनी आवळून. कोंबड्या फार कलकल करत होत्या म्हणून त्यांना हाकलायला ते अनवाणीच सरपणाकडे गेले आणि तिथं विंचवानं नांगी मारली. मला बघून तेच चिडले, "उठलास कशाला? म्या म्हणलं न्हवतं व्हय, चालू दे म्हणून?"

मोटारसायकलवर मध्ये दादा आणि मागे त्यांना धरून आई. भूमच्या दवाखान्यापर्यंत ते माझ्यावरच चरफडत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मला मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आले. ते पलीकडं बाजेवर पडले होते आणि मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकायला बसलो. त्याआधी कानाला हेडफोन लावून ती वीस मिनिटं पाहिली. माइकमध्ये दादांचं कण्हणं आलंय, दात आवळून, थांबून थांबून. आणि पडद्यावर माझी एकही चूक नाही. दीड वर्षात तो टप्पा इतका साफ मी कधीच खेळलो नव्हतो.

"आलं असतं का रं सहाच्या आत?" दादांनी बाजेवरून विचारलं.

"न्हाय, दादा," मी म्हणालो, "तसं बी जमत नव्हतं."