क्रीम रोलमधलं क्रीम

सुनेला क्रीम रोल हवा होता. तोही कुठलाही नाही, खोपोलीला तिच्या माहेराजवळच्या बेकरीतला. आणि ती बेकरी तर कधीच बंद पडलेली.

मला आधी हसू आलं आणि मग धडकीच भरली. आमच्याकडे लोधिवलीला लग्न होऊन आल्यापासून या मुलीने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. भाजी कुठली करू, साडी कुठल्या रंगाची घेऊ, पंखा लावू का, सगळ्याला एकच उत्तर: "कायपण चालेल, आई." त्या उत्तराला मी अगदी विटले होते. कायपण चालेल म्हणजे काय? माणसाला काही आवडावं, काही नावडावं, घर आपलं असेल तर थोडं भांडावं. तिला दिवस गेले आणि पोटात काही ठरेना, तरी तक्रार म्हणून नाही. उलटी करून यायची आणि पुन्हा कणीक मळायला घ्यायची. अशात एका दुपारी भिंतीला टेकून ती पुटपुटली, "क्रीम रोल खावासा वाटतोय." हे मागणं वाया गेलं तर ही पोर या घरात परत तोंड उघडायची नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

ह्यांनी चौकातून, खोपोलीहून, कर्जतहून मिळतील तेवढे रोल आणले. प्रत्येकाचा एक घास घेऊन ती म्हणायची, "चांगला हाय, पण तो नाय." मी एका रोलमधलं क्रीम बोटावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कसलं क्रीम? नुसतं वनस्पती तूप भरलंय मेल्यांनी. तुझ्या बेकरीत खरं दुधाचं असणार, म्हणून तर तुला हे आवडत नाही." ती खाली बघत राहिली. डोहाळजेवणाला मीच घरी करणार, आणि शुद्ध करणार, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

वरचं कवच पहिल्याच फटक्यात जमलं. जन्मभर दिवाळीला चिरोटे लाटलेत, पदर सुटायला कितीसा वेळ लागतोय? पट्ट्या कापल्या, पत्र्याच्या नळ्यांवर गुंडाळल्या, ओव्हनमध्ये भाजल्या. नळीवरून रोल अलगद निघाले तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले.

घोडं अडलं ते क्रीमवर. रोजच्या दुधाची साय साठवली, पिठीसाखर आणि वेलची घातली आणि घुसळायला घेतलं. क्षणभर छान फुलल्यासारखं झालं, आणि बघता बघता कण सुटले, खाली ताक, वर लोणी. पुन्हा साय साठवली, पुन्हा लोणी. चूक कळत होती, पण हात ऐकेना. साय घुसळायची ती लोणी येईपर्यंत, मध्ये थांबायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आता ऐन वेळी थांबायचं कसं? मुद्दाम लवकर थांबले तर सगळं पातळ. बर्फावर भांडं ठेवून केलं, दुकानातली तयार मलाई आणून केलं. थांबलं की पाणी, चालू ठेवलं की लोणी. माझी नुसती चिडचिड चिडचिड झाली. त्यात हे दारात उभे राहून म्हणाले, "अगं, तूप कढव नि मोकळी हो." मी रवी उगारली तेव्हा गेले.

सून दोनदा ओट्याशी आली. "आई, ते क्रीम..." एवढं म्हणाली असेल. मी म्हटलं, "तू बस बघू, उभी राहू नकोस." ती बसली.

डोहाळजेवणाच्या दिवशी त्यातल्या त्यात घट्ट झालेलं क्रीम मी अगदी शेवटच्या घटकेला रोलमध्ये भरलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं साग्रसंगीत झालं. बायकांनी खोली भरलेली, उकाडा मरणाचा. मी रोलची ताटली तिच्यासमोर धरली तोवर क्रीम दोन्ही टोकांनी गळायला लागलं होतं आणि एक ओघळ तिच्या नव्या साडीवर उतरला. बायका "वा, वा" करत होत्या. तिने घास घेतला. शेजारच्या काकींनी विचारलं, "काय गं, झाला ना डोहाळा पुरा?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय."

तिने उरलेला रोल ताटलीत ठेवला.

"क्रीम रोलच्या क्रीममधे क्रीम नसतं, आई. आमच्या बेकरीत पण वनस्पती तूपच असायचं. त्यात साखर जाडी घालायचे, दाताखाली कचकच यायची. बाकीचे पिठीसाखर घालतात, म्हणून ते लागत नाय तसे."

माझे कान तापले. एवढी साय, एवढी मरमर, आणि चार बायकांत हे! "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमी बोलूच देत नव्हता!" तीही तेवढ्याच जोरात म्हणाली. कोणीतरी खोकलं. काकी ताटलीतल्या रोलकडे बघत बसल्या.

राग तर भयंकर आला होता, आणि तो आतल्या आत कुठेतरी पातळही होत होता. मी ताटली खाली ठेवली, ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि सगळ्या बायकांसमोरून तशीच चपला घालून दुकानाकडे निघाले. फाटकापर्यंत पोचले असेन, तोच मागून तिचा आवाज आला. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"आई, वेलची नको हां! नि तुपाची मोठी पिशवी आणा, छोटी पुरायची नाय!"