फाटक्या कोपऱ्याचं माप

आक्का परदेश सहलीला निघाल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये पासपोर्टच्या जोडीला वर्तमानपत्राची एक जाडजूड घडी होती. विमानतळावर तपासणाऱ्या पोरीनं ती उलगडली आणि बघतच राहिली. आत नुसते पाय होते. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ ओढलेली मापं, आणि प्रत्येकावर नाव: लेक, जावई, नातू, समोरच्या काकू. कोल्हापुरात चपला करून घ्यायला असंच माप देतात, हे त्या बिचारीला काय ठाऊक? आक्का म्हणाल्या, "बघ की नीट. पायच हायत, बाँब न्हाय." मी मनातल्या मनात अंबाबाईचा धावा केला. नशीब, पोरगी हसली.

आक्का आमच्या शेजारच्या. माहेर राधानगरीकडचं, सासर गडमुडशिंगीचं, आवाज दोन्हीकडं ऐकू जाईल असा. लेकीनं हट्टानं त्यांचं नाव तुर्कस्तानच्या सहलीत घातलं आणि सोबतीला मला जोडून दिलं. मी त्यांना चिडवलं, "आक्का, कोल्हापूरचं माणूस चपला आणायला तुर्कस्तानात जातं होय? लोक हसतील."

"हसूंदेत की. ते आपल्या घालत्यात, आपण त्यांच्या घालून बघू."

आमचा ग्रुप दिसेल त्या दुकानात घुसून फ्रिजवर चिकटवायची चित्रं आणि नजर लागू नये म्हणून बांधायचे निळ्या डोळ्यांचे मणी डझनावारी घेत होता. आक्का मात्र वस्तू उचलायच्या आणि दुकानदाराला अस्सल कोल्हापुरीत विचारायच्या, "हे तू केलंस व्हय?" तो गोड हसायचा. मग त्या त्याच्या हातांकडं बघायच्या आणि वस्तू खाली ठेवायच्या. "ह्याच्या बोटाला एक घट्टा न्हाय. हा कसला करतोय!" बाहेर बस थांबलेली, टूर मॅनेजर घड्याळ दाखवतोय, आणि मी शरमेनं अर्धी झालेली. पण त्यांना कुणाची घाई कधी लागलीच नाही.

एकदा हॉटेलात त्या मापं नीट लावत बसल्या होत्या. त्यात एक पिवळा पडलेला कागद होता. पाऊल रुंद, अंगठा बाहेर गेलेला, आणि नावाचा कोपरा फाटलेला. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"असूंदे."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आपण होऊनच बोलल्या. माप बाळूचं, त्यांच्या धाकट्या भावाचं. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं लग्न झालं. बाळू स्वतः आमंत्रणाला आला नाही, ड्रायव्हरच्या हाती पत्रिका पाठवली. "सख्ख्या बहिणीला ड्रायव्हरच्या हातनं? मी न्हाय गेलो लग्नाला." तोही का आली नाहीस म्हणून विचारायला आला नाही. तिथून बोलणं बंद. त्याआधी दर दिवाळीला त्या भावाला कोल्हापुरातून चपलांचा जोड करून पाठवायच्या. "नाव फाडलं रागानं. माप काय टाकवलं न्हाय," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

इस्तंबूलला बाजाराच्या मागच्या बोळात एक म्हातारा चामड्याच्या चपला शिवत बसला होता. आक्कांनी त्याचे हात पाहिले आणि सरळ त्याच्या स्टुलावर बसल्या. "हा करतोय." मापं पसरली. म्हातारा मोठ्यानं हसला आणि त्यानं खणातून पुठ्ठ्यावर काढलेल्या पावलांचा गठ्ठा बाहेर काढला. त्याचंही गिऱ्हाईक असंच माप देत होतं! पुढं अर्धा तास दोघं आपापल्या भाषेत बोलले आणि कुणाचंच काही अडलं नाही. सगळ्यांचे जोड मिळाले, फक्त बाळूच्या पायाएवढा रुंद जोड नव्हता. उद्या करून देतो, असं त्यानं खुणेनं सांगितलं. उद्या दुपारी तर आमचं विमान होतं. सकाळी ग्रुप राजवाडा बघायला गेला आणि आम्ही दोघी त्या बोळात. "हुतंय का न्हाय गं?" आक्का दर दोन मिनिटांनी विचारत होत्या. शेवटचा टाका पडला तेव्हा कुठं त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

घरी आल्यावर सगळ्यांना जोड वाटले. तो एक कपाटावर राहिला. "त्यानं आधी यायला पायजे."

माझं डोकंच फिरलं. "चार वर्षं आला नाही, आता काय चामड्याचा वास काढत येणार आहे?" त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी दारात उभ्या. "चल, राधानगरीचं धरण बघून येऊ." काखेत पिशवी होती.

धरण राहिलं बाजूला, आम्ही थेट त्यांच्या माहेरी. बाळूमामा अंगणातच खुर्चीवर बसले होते. आक्कांनी जोड पुढं सरकवला. मामांनी पाय घातला, पण तो अर्ध्यातच अडकला. साखरेच्या आजारानं पाय सुजला होता. आक्कांनी क्षणभर त्या पायाकडं पाहिलं, दारात आलेल्या भावजयीला म्हणाल्या, "पेपर आण गं," आणि खाली मांडी घालून पेन्सिल घेऊन त्यांनी भावाचं पाऊल हातात धरलं.

"आक्का! थोरली तू, माझ्या पायाला हात लावतीस व्हय?" बाळूमामा खुर्चीवरून उठले ते थेट आक्कांच्या पायावर वाकले. "चुकलं माझं. मी यायला पायजे हुतं."

आक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज तोच. "मग नीट बस की. माप हलतंय."

गेल्या महिन्यात आक्का पुण्याला लेकीकडं कायमच्या राहायला गेल्या. बॅग मी भरून दिली. वर्तमानपत्राच्या घडीत सगळ्यात वर नवं माप होतं. रेघ जरा वाकडी, पण नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं. भावाला न झालेला तुर्की जोड आक्कांच्या पायात होता. दोन बोटं सैल, फटाक फटाक वाजवत त्या रिक्षाकडं निघाल्या.

मी म्हटलं, "आक्का, पडाल हो. सैल आहेत."

"न्हाय पडत," त्या म्हणाल्या. "भावाच्या हायत."